ऑस्ट्रेलियात मायग्रेशन एजंट व्हायला काय लागतं?

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात ‘व्हिसा कन्सल्टंट’ अशी पाटी लावायची तर त्यासाठी कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. जागा भाड्यानं घेतली, जीएसटी नंबर काढला, भिंतीवर सिडनीच्या ऑपेरा हाउसचं पोस्टर लावलं की गिऱ्हाईक यायला लागतं. ऑस्ट्रेलियात राहून हाच सल्ला पैसे घेऊन दिला आणि देणाऱ्याचं नाव सरकारी नोंदवहीत नसलं, तर १९५८ च्या मायग्रेशन अॅक्टनुसार १० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

हा फरक समजून घ्यायची गरज दोन प्रकारच्या मराठी लोकांना आहे. मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेले, तिथल्या व्हिसाच्या भानगडीतून स्वतः गेलेले काही जण म्हणतात, आता हेच काम करावं. आणि त्यांच्या कितीतरी पट लोक असे आहेत, जे आयुष्यभराची बचत आणि पासपोर्टची फाइल कुणाच्या तरी हातात देऊन मोकळे होतात. पहिल्याला जी पात्रता कमवायची आहे, तीच दुसऱ्यानं तपासायची आहे. म्हणून दोघांसाठी एकत्रच लिहितो.

सल्ला नेमका कुठे सुरू होतो

सगळा कायदा एका व्याख्येवर उभा आहे. मायग्रेशनच्या नियमांचं ज्ञान किंवा अनुभव वापरून एखाद्याला व्हिसाचा अर्ज तयार करून देणं, अर्जाबद्दल सल्ला देणं, नकार मिळाल्यावर ट्रायब्युनल (निर्णयाचा फेरविचार करणारं न्यायाधिकरण) किंवा कोर्टापुढची तयारी करून देणं, हे सगळं नोंदणीकृत माणसाचं काम. ज्ञान खरं असलंच पाहिजे असंही नाही. आपल्याला कळतं असा आव आणून मदत केली, तरी ती याच व्याख्येत बसते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहू. मेलबर्नच्या टारनीट उपनगरातल्या एखाद्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर रात्री प्रश्न येतो: “आईबाबांना जरा जास्त दिवस बोलवायचंय. ६०० घालू की ८७०? बाबांना शुगर आहे, मेडिकलला अडचण येईल का?” (६०० म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा, ८७० म्हणजे आईवडिलांसाठीचा तात्पुरता व्हिसा.) कोणी गृह खात्याच्या साइटवरचं पान पाठवतं, वर काही टिप्पणी न करता. ही माहिती झाली, तिला कायद्याची हरकत नाही. कोणी म्हणतं, जन्मदाखला मराठीत असेल तर मी इंग्रजी करून देतो. भाषांतरालाही हरकत नाही. कोणी म्हणतं, तू सांगशील ते मी टाइप करते, तुझा स्कॅनर बंद आहे ना? कारकुनी कामही चालतं. मग चौथी ताई लिहिते, “अगं ८७०च टाक. शुगरचं या या पद्धतीनं लिही. पैसे वगैरे काही नको, शनिवारी ये, मी पूर्ण फॉर्म भरून देते.”

चौथ्या ताईनं कायदा ओलांडला. तिचा हेतू चांगला होता, तिनं एक डॉलरही घेतला नव्हता, तरीसुद्धा. पैसे न घेता दिलेल्या बेकायदा मदतीला तुरुंग नाही, पण ६० पेनल्टी युनिटपर्यंत (तिथल्या कायद्यात दंड मोजायचं एकक) दंड आहे, आणि ती रक्कम हजारो डॉलरमध्ये जाते. आपल्याकडे अडल्यानडल्याला मदत करणं हा संस्कार आहे, त्यामुळे ही गोष्ट पचायला जड जाते. मलाही सुरुवातीला हा नियम निष्ठुर वाटायचा. आता वाटत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

अपवाद आहेत, ते नीट लक्षात ठेवा. जवळचा नातेवाईक पैसे न घेता मदत करू शकतो. पण जवळचा म्हणजे नवरा-बायको किंवा जोडीदार, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं आणि सावत्र नात्यातले तसेच लोक. मावसभाऊ, चुलत बहीण, आत्या, मामा यांत येत नाहीत, मग घरात ते कितीही सख्खे असोत. जो व्हिसासाठी स्पॉन्सर किंवा नॉमिनेटर आहे, तो त्या अर्जात मदत करू शकतो. खासदार, कामाचा भाग म्हणून मदत करणारे सरकारी कर्मचारी, दूतावासातले अधिकारी यांनाही सूट आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात प्रश्न विचारणारी मुलगी आपल्या आईबाबांचा फॉर्म निर्धास्तपणे स्वतः भरू शकते. तिची मैत्रीण भरू शकत नाही.

इतका कडकपणा कशासाठी

व्हिसाच्या अर्जातली चूक रेल्वेच्या तिकिटातल्या चुकीसारखी रद्द करून पुन्हा काढता येत नाही. ऑस्ट्रेलियात असताना एखादा व्हिसा नाकारला गेला आणि हातात ब्रिजिंग व्हिसाशिवाय (अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबायला मिळणारा तात्पुरता व्हिसा) दुसरा व्हिसा नसला, तर कायद्याचं कलम ४८ आडवं येतं: देशात राहून बहुतेक दुसऱ्या व्हिसांसाठी अर्जच करता येत नाही. कोणीतरी “टाकून तर बघू” म्हणून टाकलेला एक कमकुवत अर्ज पुढचे सगळे दरवाजे लावून घेतो.

त्याहून भयंकर आहे ते ४०२० नावानं ओळखलं जाणारं कलम. अर्जासोबत बनावट कागद किंवा खोटी, दिशाभूल करणारी माहिती गेली, तर नकार मिळतोच, शिवाय हे कलम लागू असलेले व्हिसे पुढची ३ वर्षं मिळत नाहीत. ओळखीबाबत खोटेपणा असेल तर १० वर्षं. आणि इथे लोक हादरतात: तो खोटेपणा अर्जदारानं स्वतः केलेला असावाच लागतो, असं नाही. २०१४ साली त्रिवेदी यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठानं हे स्पष्ट केलं की मुळात कोणीतरी जाणूनबुजून खोटेपणा केलेला असला पाहिजे. अर्जदाराला तो माहीत होता हे सिद्ध करायची गरज नाही. एजंटनं परस्पर खोटं अनुभवपत्र जोडलं तरी ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढ्यावर सुटका होत नाही.

नकाराविरुद्ध दाद मागायलाही मुदत असते. ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रायब्युनलच्या जागी अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल आलं आहे. बहुतेक व्हिसांच्या बाबतीत नकार कळल्यापासून २८ दिवसांत तिथे अर्ज पोचावा लागतो. एक दिवस उशीर झाला तरी ट्रायब्युनलला तो ऐकायचा अधिकार राहत नाही. हौसेनं मदत करणारी ताई त्या दिवसांत भारतात सुटीवर गेली असेल, तर चूक तिची आणि घरदार गेलं दुसऱ्याचं. नोंदणीचा खरा अर्थ मला इथे दिसतो. हुशारीचं प्रशस्तिपत्र देणं हा तिचा दुय्यम भाग. काम बिघडलं तर ज्याला जाब विचारता येईल, ज्याचा विमा असेल, ज्याचं नाव काढून टाकता येईल असा माणूस अर्जदारापुढे उभा करणं, यासाठी ती आहे.

ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. एजंटांची सक्तीची नोंदणी १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती सरकारी खात्याकडेच होती. १९९८ मध्ये ती एजंटांच्याच संस्थेकडे, मायग्रेशन इन्स्टिट्यूट ऑफ ऑस्ट्रेलियाकडे सोपवली. एजंटांनीच एजंटांवर लक्ष ठेवायचं, यावर टीका होत राहिली आणि २००९ मध्ये काम पुन्हा सरकारकडे आलं. आज ते गृह खात्यातलं ‘ऑफिस ऑफ द मायग्रेशन एजंट्स रजिस्ट्रेशन ऑथॉरिटी’ पाहतं. लोक त्याला ओमारा म्हणतात, आणि नोंदणीकृत एजंटला बोलताना ‘मारा एजंट’.

पहिली अट, जिथे विद्यार्थी फसतात

मायग्रेशन एजंट म्हणून नोंदणी व्हायला माणूस ऑस्ट्रेलियाचा नागरिक असावा लागतो, किंवा त्याच्याकडे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा असावा लागतो, किंवा तो न्यूझीलंडचा नागरिक असून त्यांना मिळणाऱ्या खास व्हिसावर असावा लागतो. वय किमान १८.

वाक्य साधं आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. ५०० च्या स्टुडंट व्हिसावर किंवा ४८५ वर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मुलाला मायग्रेशन कायद्याचा अभ्यासक्रम कदाचित करता येईल. युनिव्हर्सिटी प्रवेश देईल, फी घेईल, पदवीही देईल. पण पीआर होईपर्यंत त्याची नोंदणी होणार नाही. त्यात शिक्षण आणि परीक्षा अलीकडच्या ठरावीक मुदतीतलीच ग्राह्य धरली जाते. म्हणजे पीआरला वेळ लागला, तर केलेला खर्च शिळा होण्याची भीती. ‘हा कोर्स करा, मग पीआर सोपा होईल’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. आधी पीआर, मग हा कोर्स, असाच क्रम शहाणपणाचा.

नागरिकत्वाची अट राहण्याच्या जागेची अट नाही. ऑस्ट्रेलियन नागरिक असलेला मराठी माणूस पुण्यात परत येऊन राहिला तरी त्याची नोंदणी चालू राहू शकते, आणि असे एजंट भारतात काम करताना दिसतात.

शिक्षण, इंग्रजी आणि कॅपस्टोन

पूर्वी ग्रॅज्युएट सर्टिफिकेटवर काम भागायचं. १ जानेवारी २०१८ पासून ‘ग्रॅज्युएट डिप्लोमा इन ऑस्ट्रेलियन मायग्रेशन लॉ अँड प्रॅक्टिस’ लागतो. तो पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे, तेव्हा आधीची पदवी बहुधा हवीच. पदवी कायद्याचीच हवी असं नाही. इंजिनियर, नर्स, शिक्षिका, अकाउंटंट असे सगळ्या क्षेत्रांतले लोक हा डिप्लोमा करतात, आणि नोकरी सांभाळून ऑनलाइन करण्याची सोयही असते. कोणत्या संस्थांचा डिप्लोमा चालतो, याची यादी ओमाराच्या साइटवर असते आणि ती बदलत राहते. प्रवेश घेण्याआधी ती यादी स्वतः उघडून बघा, संस्थेच्या जाहिरातीवर जाऊ नका.

डिप्लोमात शिकवतात काय? कायदा वाचायला शिकवतात. मायग्रेशन अॅक्ट १९५८ आणि मायग्रेशन रेग्युलेशन्स १९९४ ही दोन जाडजूड प्रकरणं, त्यांची परिशिष्टं, मंत्र्यांचे आदेश, आणि खात्याची अंतर्गत धोरणं. एकाच व्हिसाची अट एका परिशिष्टात, अर्ज वैध ठरायच्या गोष्टी दुसऱ्यात, आणि आरोग्य-चारित्र्याच्या कसोट्या चौथ्यात, असा प्रकार असतो. त्यातही अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू होता आणि निर्णयाच्या दिवशी कोणता, हे वेगळं पाहावं लागतं. स्वतःचा पीआर स्वतः काढला म्हणून हे काम येतं असं समजणाऱ्यांचा गैरसमज पहिल्याच सत्रात जातो. स्वतःची फाइल म्हणजे एक वाट. एजंटला सगळा नकाशा माहीत असावा लागतो, आणि तो दर काही महिन्यांनी बदलतो.

डिप्लोमानंतर कॅपस्टोन नावाची परीक्षा. ही डिप्लोमाच्या परीक्षेपेक्षा वेगळी, स्वतंत्रपणे घेतली जाणारी, लेखी आणि तोंडी. पाठांतर इथे फारसं उपयोगाचं नाही. गिऱ्हाईक समोर बसलं असताना तुम्ही काय विचाराल, कुठला धोका ओळखाल, काय सांगाल, याचा कस लागतो. तोंडी भागाचा अनेकांना धसका असतो. मला मात्र पूर्ण प्रक्रियेतला सगळ्यात योग्य भाग तोच वाटतो, कारण एजंटचं अर्धं काम ऐकण्याचं आहे. आधीचं लग्न, मागच्या देशातला नकार, जुना पोलीस खटला या गोष्टी माणूस पहिल्या भेटीत सांगत नाही. त्या काढून घेता आल्या नाहीत तर कायद्याचं ज्ञान वाया जातं.

वकिलीचा परवाना असलेल्यांसाठी वाट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

इंग्रजीची अट भारतीयांना टोचते. आयईएल्ट्स अकॅडेमिकमध्ये एकूण ७ आणि चारही भागांत किमान ६.५, किंवा मान्य असलेल्या दुसऱ्या चाचणीत त्याच्या तोडीचे गुण. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा अशा ठरावीक देशांत शिकलेल्यांना ठरावीक अटींवर सूट मिळते. त्या यादीत भारत नाही. फर्ग्युसनमधून इंग्रजी घेऊन एमए केलं असलं तरी चाचणी द्यायची. यात अपमान वाटून घेऊ नये. हे काम मुळात लिहिण्याचंच आहे, आणि एका चुकीच्या क्रियापदानं अर्जातल्या विधानाचा अर्थ फिरतो.

चारित्र्य, विमा, फी

अभ्यास झाला, परीक्षा झाली, तरी ओमारा नोंदणी नाकारू शकते. माणूस ‘योग्य आणि लायक’ आहे का, सचोटीचा आहे का, हे कायद्यानं तपासायचं असतं. गुन्ह्याची शिक्षा, चालू खटले, इतर व्यवसायात झालेली शिस्तभंगाची कारवाई, दिवाळखोरी हे सगळं विचारात घेतात. पोलिसांचा दाखला लागतो. ही तपासणी अर्जदारापाशी थांबत नाही. तो ज्यांच्याबरोबर किंवा ज्यांच्याकडे काम करणार आहे, ते लोक सचोटीचे नसतील तर त्यावरूनही नोंदणी अडू शकते. ज्याचं नाव काढून टाकलं गेलं आहे अशा एजंटनं बायकोच्या किंवा भाच्याच्या नावानं दुकान चालवू नये, यासाठी ही तरतूद उपयोगी पडते.

व्यावसायिक जबाबदारीचा विमा काढावा लागतो, किमान २,५०,००० डॉलरचा. एजंटच्या निष्काळजीपणामुळे गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर भरपाई कुठून मिळणार, याचं हे उत्तर आहे. विमा नसलेल्या माणसावर दावा जिंकूनही हाती काही पडत नाही.

नोंदणीची फी दोन प्रकारची. धंदा म्हणून काम करणाऱ्याला पहिल्या वेळी बरीच वर्षं १,७६० डॉलर पडायचे, आणि धर्मादाय संस्थेमार्फत फुकट सेवा देणाऱ्याला १६० डॉलर. अर्ज करताना चालू आकडा साइटवर पाहून घ्यावा. हा दुसरा प्रकार आपल्या समाजानं लक्षात घेण्यासारखा आहे. वरच्या उदाहरणातल्या ताईसारख्या, खरोखर मदत करायची इच्छा असलेल्या लोकांसाठी कायद्यानं रस्ता ठेवला आहे. मात्र काम पूर्णपणे बिनाव्यावसायिक संस्थेशी जोडलेलं हवं, आणि शिक्षण-परीक्षेत सवलत नाही.

हे सगळं पार पडलं की सात आकडी नंबर मिळतो. सीएच्या सहीखाली मेंबरशिप नंबर असतो तसा हा एजंटच्या पत्रावर, जाहिरातीवर, वेबसाइटवर दिसला पाहिजे. पहिले दोन आकडे साधारणपणे नोंदणीचं वर्ष सांगतात: १८ ने सुरू होणारा नंबर म्हणजे २०१८ चा एजंट. कोणी ‘वीस वर्षांचा अनुभव’ म्हणत असेल आणि नंबर २३ ने सुरू होत असेल, तर ती वीस वर्षं कुठे आणि कशी गेली, हे विचारायला संकोच करू नका. सरळ उत्तर असू शकतं, वकिलीत गेली असतील किंवा भारतात. पण विचारा.

एक गल्लत नेहमी होते. क्यूईएसी नावाचा नंबर बऱ्याच कार्यालयांच्या बोर्डावर असतो. तो एज्युकेशन एजंटनी केलेल्या एका प्रशिक्षणाचा आहे, म्हणजे कॉलेज आणि कोर्स निवडायला मदत करणाऱ्यांचा. त्या नंबरावर ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला देता येत नाही.

नंबर मिळाल्यावर

नोंदणी फक्त १२ महिन्यांची असते. दर वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा विमा, आणि वर्षभरात सततच्या शिक्षणाचे १० पॉइंट मिळवल्याचा पुरावा.

१ मार्च २०२२ पासून नवी आचारसंहिता लागू आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला तीच सगळ्यात उपयोगी पडेल. काम सुरू करण्याआधी एजंटनं ओमाराची ग्राहक-पुस्तिका द्यायची असते. लेखी करार करायचा असतो, त्यात कोणतं काम आणि किती फी हे आलं पाहिजे. आगाऊ घेतलेले पैसे स्वतःच्या खात्यात घालता येत नाहीत; गिऱ्हाइकांच्या पैशांचं वेगळं खातं ठेवावं लागतं आणि काम झालं तसे त्यातून काढायचे असतात. फाइल ७ वर्षं जपून ठेवायची असते. निकालाची हमी देता येत नाही. खात्यात आपली ओळख आहे असं सुचवताही येत नाही. ‘हंड्रेड पर्सेंट व्हिसा’ म्हणणारा एजंट म्हणजे पहिल्याच वाक्यात नियम मोडणारा एजंट.

कार्यालयात फाइल हाताळणारी मुलगी नोंदणीकृत नसेल, तर ती कागद गोळा करू शकते, फॉर्म टाइप करू शकते. सल्ला एजंटनंच द्यायचा. मोठ्या कार्यालयांत ही रेघ पुसट होते. पहिल्या भेटीत एजंट आणि नंतर सहा महिने फक्त ‘केस ऑफिसर’, असं होत असेल तर हरकत घ्या.

वकिलांचं वेगळं

पूर्वी वकिलांनाही मायग्रेशन एजंट म्हणून नोंदणी करावी लागायची. दोन नियामक, दोन फिया, आणि तक्रार कुठे करायची याचा गोंधळ. २०१४ मध्ये डॉ. ख्रिस्तोफर केंडल यांच्या स्वतंत्र आढाव्यानं वकिलांना या योजनेतून बाहेर काढायची शिफारस केली, आणि २२ मार्च २०२१ पासून ती अमलात आली. आता पूर्ण परवाना असलेला ऑस्ट्रेलियन वकील आपल्या वकिलीच्या परवान्यावरच हे काम करतो, त्याची ओमाराकडे नोंदणी होत नाही. नव्या, मर्यादित परवान्यावर असलेल्या वकिलाला २ वर्षांपर्यंत एजंट म्हणून नोंदणी करता येते आणि ती आणखी २ वर्षं वाढवून मागता येते.

म्हणून ओमाराच्या यादीत नाव सापडलं नाही म्हणजे माणूस भामटा, असं लगेच ठरवू नका. तो वकील असेल तर त्याचं नाव त्या राज्याच्या वकिलांच्या नोंदवहीत सापडलं पाहिजे. दोन्हींकडे नसेल, आणि तो ऑस्ट्रेलियात बसून सल्ला देत असेल, तर निघा तिथून. भारतातल्या बार कौन्सिलची सनद या कामाला चालत नाही.

आणि पुण्यातला कन्सल्टंट?

ऑस्ट्रेलियाचा हा कायदा ऑस्ट्रेलियात दिलेल्या मदतीला लागू होतो. भारतात बसून ऑस्ट्रेलियन व्हिसाचं काम करणाऱ्या माणसाला ओमाराची नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे तो बेकायदा ठरत नाही. अनेक जण प्रामाणिकपणे काम करतातही. पण त्यानं चूक केली तर ओमारा त्याचं काही करू शकत नाही, त्याच्याकडे विमा असेलच असं नाही, आणि तुमच्या हाती भारतातलं ग्राहक न्यायालय किंवा पोलीस एवढंच उरतं. ४०२० ची शिक्षा मात्र तुम्हाला पूर्ण मिळते.

काही भारतीय कंपन्या ‘आमच्याकडे मारा एजंट आहे’ असं सांगतात. असेलही. मग त्याचं नाव आणि नंबर मागा, ओमाराच्या साइटवर शोधा, आणि करारावर त्याचीच सही घ्या. अर्जासोबत ९५६ नंबरचा फॉर्म जातो, ज्यात तुमच्या वतीनं काम करणाऱ्याचं नाव असतं. त्या फॉर्मवर मारा एजंटचं नाव नसेल, तर तो फक्त बोर्डवर आहे, तुमच्या फाइलमध्ये नाही. दुसरा एक फॉर्म ९५६ए, तो केवळ पत्रव्यवहार कोणाकडे पाठवायचा यासाठी असतो. तो भरून घेतला म्हणजे कोणी तुमचा एजंट झाला असं नाही. सही करण्याआधी कुठला फॉर्म आहे हे वाचा. आणि अर्जासाठी उघडलेल्या ऑनलाइन खात्यात काय भरलंय, याची प्रत दर वेळी मागून घ्या.

बाकीचे देश हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवतात. न्यूझीलंडनं २००७ च्या कायद्यानं फार पुढचं पाऊल टाकलं: न्यूझीलंडच्या व्हिसाचा सल्ला देणारा माणूस जगात कुठेही बसलेला असो, त्याला त्यांचा परवाना लागतो. परदेशात बसून फक्त स्टुडंट व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांना सूट आहे, वकील वगैरे काहींनाही. म्हणजे पुण्यातला कन्सल्टंट न्यूझीलंडच्या वर्क व्हिसाचं काम विनापरवाना करत असेल, तर तो त्यांचा कायदा मोडतो आहे. कॅनडातही पैसे घेऊन अर्जदाराच्या वतीनं काम करायचं तर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं सभासदत्व किंवा वकिली लागते. हे कॉलेज २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. ब्रिटनमध्ये सल्लागारांचे कामाच्या कठीणपणानुसार तीन स्तर असतात, आणि तिथल्या नियामकाचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटी झालं आहे. आखाती देशांत कामगार पाठवणारे आपल्याकडचे रिक्रूटिंग एजंट यांत येत नाहीत. त्यांची नोंदणी १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली भारत सरकारकडे होते आणि ते काम नोकरभरतीचं आहे.

ऑस्ट्रेलियातही हे सगळं अजून बदलतं आहे. २०२३ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या माजी पोलीस प्रमुख क्रिस्टीन निक्सन यांचा अहवाल जाहीर झाला. व्हिसा व्यवस्थेचा गैरफायदा घेऊन लोकांची कशी पिळवणूक होते, हे त्यात मांडलं होतं, आणि एजंटांवरची देखरेख घट्ट करायच्या शिफारशी होत्या. तेव्हा आज डिप्लोमाला प्रवेश घेणाऱ्यानं, तो पूर्ण होईपर्यंत नियम आहेत तसेच राहतील असं धरून चालू नये.

फसलात तर काय? एजंट नोंदणीकृत असेल तर ओमाराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. ओमारा ताकीद देऊ शकते, नोंदणी स्थगित करू शकते किंवा रद्द करू शकते. रद्द झाल्यास ५ वर्षं पुन्हा नोंदणी नाही, आणि कारवाईचे निर्णय साइटवर नावानिशी वाचायला मिळतात. एजंट नेमण्याआधी ती यादीसुद्धा चाळा. तक्रारीनं तुमचा व्हिसा परत मिळत नाही, त्यामुळे ट्रायब्युनलची मुदत चालू असेल तर आधी दुसऱ्या एजंटकडे किंवा वकिलाकडे जाऊन ती गाठा आणि तक्रार नंतर करा. सल्ला देणारा नोंदणीकृत नसेल आणि ऑस्ट्रेलियात असेल, तर ते प्रकरण गृह खात्याच्या बॉर्डर वॉचकडे नाव न सांगताही कळवता येतं. पावत्या, व्हॉट्सॅपवरचं बोलणं, बँकेतून गेलेले पैसे, हे सगळं मोबाइल बदलण्याआधी दुसरीकडे साठवून ठेवा.